अंगावर काढण्याची मर्दुमकी

गोळी अंगावर घेणं आणि दुखणं अंगावर काढणं या दोन गोष्टी मराठीत शेजारी बसतात, म्हणून त्या एकाच जातीच्या आहेत असं आपण फौजी लोक धरून चाललो आहोत. पहिलीत कोणाचा तरी जीव वाचतो. दुसरीत कोणाचाच वाचत नाही, उलट जो सहज वाचला असता तोच जातो. तरीही मेसमध्ये, बॅरकमध्ये आणि निवृत्तीनंतर पारावर आपण दोन्हींना सारखीच शाबासकी देतो. माझं भांडण या शाबासकीशी आहे.

आणि भांडण पोटापुरतं आहे. पाय मोडला तर तो वाकडा दिसतो. ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो. पोटदुखीला साक्षीदार नाही. ती ज्याची त्यालाच कळते, त्यामुळे बघणारा पोटाकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. हा कामाचा की कामचुकार? परवा फायरिंगला होता का? उद्या रूट मार्च आहे म्हणून तर नाही ना? निदान होण्याच्या आधी चारित्र्याचा निकाल लागतो.

मी डॉक्टर नाही. इन्फंट्रीचा माणूस आहे, वीसेक वर्षं जवानांबरोबर डोंगरात, वाळवंटात आणि जंगलात काढली आहेत. जे लिहितो आहे ते वेगवेगळ्या आरएमओंकडून ऐकलेलं, त्यांनी सांगितलेल्या पुस्तकांत वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डॉक्टरने काय करावं हे मी सांगत नाही. डॉक्टरपर्यंत पोहोचायचं की नाही हे ठरवणारा माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. तो सेक्शन कमांडर असतो, बायको असते, मुलगा असतो, किंवा जो कळवळतो आहे तो स्वतःच असतो. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी आपली सवय बघा. पोस्टवर कोणाचं पोट दुखलं की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली, ‘साब, गैस है’ हे निदान. दुसरी, अँटासिडची गोळी किंवा पाण्यात फसफसणारी पावडर. तिसरी, नर्सिंग असिस्टंटकडची वेदनाशामक गोळी आणि ‘सो जा, सुबह देखेंगे.’ घरी हेच मराठीत होतं. ओवा खा, हिंग लाव, बेंबी सरकली असेल, वायगोळा असेल, एरंडेल घे म्हणजे पोट साफ होईल. नव्वद वेळा सकाळी माणूस बरा असतो, म्हणून पद्धत बरोबर ठरते. उरलेल्या वेळांचा हिशोब कोणी मांडत नाही, कारण ती माणसं हिशोब द्यायला पारावर येत नाहीत.

ट्रेनिंगच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. जागा सांगत नाही, गरज नाही. माझ्या एका कोर्समेटचं क्रॉस कंट्रीच्या आदल्या दिवशी दुपारपासून पोट दुखत होतं. आधी बेंबीभोवती, रात्री उजवीकडे खाली. जेवण गेलं नाही, एकदा उलटी झाली. सिक रिपोर्टला गेलो तर लोक काय म्हणतील आणि जास्त दिवस बुडले तर टर्म जाईल, ही दोन भुतं डोक्यावर बसलेली. सकाळी तो धावला. निम्म्या रस्त्यात त्याला बरं वाटलं, असं तो नंतर सांगायचा. शर्यत पुरी केली, पॉइंट मिळाले. संध्याकाळी तो ऑपरेशन टेबलावर होता, अपेंडिक्स फुटलेलं, पोटभर पू. वाचला. पण टर्म गेली ती गेलीच. ज्या भीतीने लपवलं तीच समोर आली, वर जिवाचा धोका फुकट.

या गोष्टीत मला खटकतं ते त्याचं धावणं नाही. विशीच्या आतलं पोर होतं, त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. खटकतं ते हे की ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं शौर्यकथा म्हणून सांगितली गेली. ‘फुटलेल्या अपेंडिक्सने धावला, पठ्ठ्या!’ ही गोष्ट ऐकून पुढचं पोरही लपवणारच.

जगाने या मर्दुमकीची किंमत आधीच मोजून ठेवली आहे. हूदिनी हा जादूगार पोटावर ठोसे झेलण्यासाठी प्रसिद्ध होता. १९२६ च्या ऑक्टोबरात पोट दुखत असताना आणि अंगात सणसणीत ताप असताना तो डेट्रॉइटमध्ये रंगमंचावर उभा राहिला, प्रयोग केला आणि मग दवाखान्यात गेला. अपेंडिक्स फुटून विष पोटभर पसरलं होतं. ३१ ऑक्टोबरला तो गेला. वय ५२. साखळदंडांतून आणि पाण्याच्या पेटीतून सुटणारा माणूस करंगळीएवढ्या आतड्याच्या शेपटातून सुटला नाही. वॉल्टर रीड हा अमेरिकन लष्करी डॉक्टर. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणाऱ्या लष्करी पथकाचा प्रमुख. तोही १९०२ मध्ये अपेंडिक्सच्याच दुखण्याने गेला. म्हणजे अपेंडिक्स पद विचारत नाही, ज्ञान विचारत नाही, आणि छातीचा घेर तर मुळीच विचारत नाही.

आता उलट उदाहरण. लिओनिद रोगोझोव्ह हा २७ वर्षांचा सोव्हिएत डॉक्टर अंटार्क्टिकावरच्या नोवोलाझारेव्स्काया तळावर होता. आपलं मैत्री केंद्र आज त्याच परिसरात आहे. एप्रिल १९६१ च्या शेवटी त्याच्या पोटात दुखू लागलं. तळावरचा एकमेव डॉक्टर तोच. बाहेर हिमवादळ, विमान येणं अशक्य. औषधांनी थोपवायचा प्रयत्न केला, लक्षणं वाढली, तेव्हा ३० एप्रिलच्या रात्री त्याने स्वतःच स्वतःचं पोट उघडून अपेंडिक्स काढलं. भूल फक्त कातडीपुरती. हातात हत्यारं देणारे, आरसा धरणारे साथीदार डॉक्टर नव्हते. सुमारे दोन आठवड्यांत तो कामावर परतला. ही गोष्ट सहनशक्तीची म्हणून सांगतात. माझ्या मते ती निर्णयाची आहे. दुखणं वाढतं आहे, वाट बघण्यात मरण आहे हे त्याने चोवीस तासांच्या आसपास ओळखलं आणि हातात जे होतं त्यातून मार्ग काढला. आपल्याकडे खाली उभी जीप असते आणि तरी आपण ‘सुबह देखेंगे’ म्हणतो.

पोट फसवतं कसं, हे समजून घेतलं तर ‘गॅस’ या शब्दाचा माज उतरतो. आतड्यांच्या स्वतःच्या मज्जातंतूंना नेमकी जागा सांगता येत नाही. त्यामुळे अपेंडिक्स सुजायला लागलं की दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती, मोघम, गॅससारखंच वाटतं. भूक मरते, मळमळ होते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. या अस्तराला जागा अचूक कळते, म्हणून दुखणं उजवीकडे खाली सरकून एका बोटावर मावतं. खोकल्यावर, गाडीच्या हादऱ्याने कळ येते. हे सरकणं ही मोठी खूण आहे. आणि सगळ्यात मोठा दगा पुढे आहे. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो आणि काही वेळ बरं वाटू शकतं. माझ्या कोर्समेटला निम्म्या रस्त्यात वाटलं तसं. ‘बघ, उतरलं की नाही!’ असं आपण म्हणतो ती वेळ कधी कधी सगळ्यात वाईट असते.

दुसरी खूण हालचालीची. मुतखड्याचा माणूस लोळतो, उठतो, बसतो, त्याला कुठेच चैन पडत नाही. उलट अल्सर फुटलेला किंवा पोटात पू पसरलेला माणूस निपचित पडून राहतो, कारण श्वास घेतला तरी कळ येते. पोट फळीसारखं कडक होतं. आपण काय करतो? आरडाओरडा करणाऱ्याकडे धावतो आणि शांत पडलेल्याला ‘आराम पडला वाटतं’ म्हणून सोडून देतो. पोटाच्या बाबतीत शांतता ही चांगली बातमी असेलच असं नाही.

झॅकरी कोप हा ब्रिटिश सर्जन पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लष्करी वैद्यकीय सेवेत होता. त्याच आघाडीवर आपले मराठा जवान लढत होते. १९२१ मध्ये त्याने पोटाच्या तीव्र दुखण्याचं लवकर निदान कसं करावं यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते शंभर वर्षांनंतरही डॉक्टर वाचतात. त्यातला एक ठोकताळा आरएमओंच्या तोंडी असतो: एरवी ठणठणीत असलेल्या माणसाच्या पोटात जोराचं दुखायला लागलं आणि सहा तास झाले तरी थांबलं नाही, तर ते बहुधा सर्जनने बघण्यासारखं प्रकरण आहे. लक्षात घ्या, सहा तास ही वाट बघण्याची मुभा नाही, ती शेवटची हद्द आहे. काही खुणा दिसल्या तर सहा मिनिटंही थांबायचं नाही. त्या पुढे सांगतो.

आपल्या नोकरीत तर ‘गॅस’ म्हणून सोडून देण्याचे सापळे जास्तच आहेत. उंचीवरची पोस्ट घ्या. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे आतड्यातला वायू खरोखरच फुगतो. वर गेलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे आणि त्यावरचे विनोद छापण्याजोगे नाहीत. पण म्हणूनच तिथे गॅसच्या बुरख्याआड दुसरं काहीही लपतं. उंचीवर रक्त दाट होतं, पाणी कमी प्यायलं जातं, आणि आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. अशा वेळी माणूस भयंकर कळवळतो आणि पोट दाबून पाहिलं तर मऊ लागतं. बघणाऱ्याला वाटतं, नाटक आहे. दुखणं जास्त आणि तपासात काहीच नाही, हा विरोधाभासच इथली धोक्याची खूण आहे.

सिकलसेलचं तर प्रत्येक मराठी अधिकाऱ्याला माहीत असायला हवं. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या कितीतरी समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याच्यात तो फक्त अर्धा आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आलेला, तो माणूस मैदानात पूर्ण निरोगी असतो. धावतो, कुस्ती खेळतो, भरतीत पहिला येतो. तोच माणूस वर गेला की कमी ऑक्सिजनमध्ये त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ, मळमळ, ताप. एका उंच पोस्टवर असताना नंदुरबारकडच्या एका जवानाला हेच झालं. पोस्टवरच्या जुन्या माणसांनी एकमताने ‘गैस’ ठरवलं होतं. आरएमओ नवा पोरगा होता, पण त्याने वायरलेसवर पहिला प्रश्न विचारला, ‘गाव कौन सा?’ आणि दुसरा, ‘दर्द किस तरफ?’ उत्तरं ऐकून त्याने ऑक्सिजन लावायला आणि लगेच खाली आणायला सांगितलं. जवान खाली आला, बरा झाला, त्याची पोस्टिंग मैदानात झाली. पोस्टवरच्या कोणाचीही नियत वाईट नव्हती. ‘गॅस’ म्हटलं की पुढे काही विचारायची गरजच संपते, त्रास त्या शब्दाचा आहे.

वाळवंटात वेगळं. पावसाळ्यात, उन्हाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटीने उठतो. रात्रीचं जेवण बाधलं, असं सगळे म्हणतात. पण मण्यार रात्री चावते, तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही, खूण दिसत नाही, सूज येत नाही. पहिलं लक्षण पोटदुखी असू शकतं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि श्वास थांबतो. थारमध्ये लोक एका सापाला ‘पीवणा’ म्हणतात. तो झोपलेल्याचा श्वास पिऊन जातो, अशी समजूत आहे. समजूत चुकीची, निरीक्षण मात्र अचूक. जमिनीवर झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं तर आधी त्याचे डोळे बघा. पापण्या उघडायला त्रास होत असेल तर प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडे गाडी काढा. कोकणातल्या आणि देशावरच्या वाचकांनो, मण्यार तुमच्याही घराजवळ आहे.

मग आपली लाडकी जोडी, वेदनाशामक गोळी आणि रम. गुडघा दुखतो म्हणून रिकाम्या पोटी वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या जठराला भोकं पाडतात. जास्त दारू स्वादुपिंडाला सूज आणते. तेव्हा वरच्या पोटातली कळ आरपार पाठीत जाते, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं, उलट्या थांबत नाहीत. अशा माणसाला पुन्हा तीच गोळी देऊन झोपवणं म्हणजे आगीवर रॉकेल. एक गैरसमज इथेच काढतो. वेदनाशामक दिलं की निदान बिघडतं, असं पूर्वी डॉक्टरांना शिकवत. आता तपासणी चालू असताना दवाखान्यात वेदना कमी करणं योग्य मानतात. म्हणून माझा विरोध इंजेक्शनला नाही. इंजेक्शन देऊन ‘घरी जा’ म्हणण्याला आहे.

आणि ज्याबद्दल पोरं लाजेने बोलत नाहीत तेही लिहितो. तरुण मुलाच्या ओटीपोटात अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर अंडकोष तपासायला हवा. त्याला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत सोडवावा लागतो, नाहीतर तो निकामी होतो. जांघेतला हर्नियाचा गोळा एरवी आत जातो आणि आज जात नाही, कडक झाला आहे, दुखतो आहे, उलट्या होताहेत, तर आतडं अडकलं आहे. यात लाजायचं काही नाही. लाजून सकाळ करणारा माणूस आतड्याचा तुकडा गमावतो.

आता घराकडे येऊ, कारण फौजीची सवय घरातही शिरते. नवरा सरहद्दीवर, बायको फॅमिली क्वार्टरमध्ये किंवा गावी सासरी. ‘त्यांना कशाला काळजीत टाकायचं’ म्हणून ती ओटीपोटातलं दुखणं दाबते. पाळी चुकलेली असेल, एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा खांद्याच्या टोकाला कळ येत असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत वाढून नळी फुटली असू शकते. पोटात सांडलेलं रक्त वर श्वासपटलाला लागतं, म्हणून खांदा दुखतो. हे कळायला एक साधी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी लागते. न कळलं तर बाई रक्तस्रावाने तासांत जाते. बाळंतपणाच्या वयातल्या कोणत्याही बाईची जोराची पोटदुखी ‘पाळीचं असेल’ म्हणून सोडून देणारा माणूस, मग तो डॉक्टर का असेना, मला मान्य नाही.

आणि आमचे निवृत्त काका. सातारा जिल्ह्यात आमच्या गावात एक सुभेदार काका होते. तीस वर्षं नोकरी, मधुमेह, विडी सुटलेली नाही. रात्री वरच्या पोटात जळजळ, घाम, दोन उलट्या. काकू म्हणाल्या, ‘अहो, गाडी बोलावू का?’ ते म्हणाले, ‘गप गं, गॅस आहे. ओवा दे.’ पहाटे गेले. हार्ट अटॅक होता. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका वरच्या पोटातही दुखू शकतो, आणि मधुमेह असला तर छातीत दुखेलच असं नाही. तेराव्याला चार जण म्हणाले, ‘फौजी माणूस, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही.’ काकू कोपऱ्यात बसून ते ऐकत होत्या. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि त्याला गप्प बसवलं ते याच कौतुकाने.

म्हातारपणी पोट आणखी फसवतं. ताप येत नाही, पोट कडक होत नाही, दुखणंही बेताचं असतं, आणि आत आतडं सडलेलं असतं. साठीच्या पुढच्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या पोटात किंवा पाठीत अचानक कळ येऊन तो चक्कर येऊन पडला, तर पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तिथे तर मिनिटांचा खेळ आहे.

‘ईसीएचएसचं रेफरल नाही, पॉलिक्लिनिक सोमवारी उघडेल’ असंही ऐकतो. तातडीच्या वेळी रेफरल लागत नाही. पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये थेट जाता येतं. ते दूर असेल तर जवळच्या कोणत्याही हॉस्पिटलमध्ये जा आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. महाराष्ट्रात १०८ फुकट आहे, देशभरात ११२ आहे. कार्ड, आधार, औषधांची यादी एका पिशवीत दाराला टांगून ठेवा. कागदासाठी माणूस अडवू नका.

आता विरोधी बाजू, कारण ती खोटी नाही. एक जुने कमांडर मला म्हणाले होते, ‘प्रत्येक पोटदुखीला हेलिकॉप्टर मागवायला लागलो तर पायलट मरतील.’ खरं आहे. उंचीवर, वाईट हवामानात उड्डाण म्हणजे दुसऱ्या चार जिवांचा जुगार. एमआय रूमची रांगही खरी. बहाणे करणारेही असतात, आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ४६ मध्ये आजाराचं सोंग हा गुन्हा आहे. पण तेच कलम पुढे वाचा. जाणूनबुजून स्वतःचं बरं होणं लांबवणं, आजार वाढवणं हेही त्याच ओळीत आहे. तो कायदा कामचुकारासाठी लिहिला हे मला कळतं. तरी विचार करा, सोंग करणाऱ्याला आपण तावडीत धरतो आणि दुखणं लपवणाऱ्याला पदक दिल्यासारखं वागवतो. युनिटचं नुकसान कोण जास्त करतं? सोंग करणारा एक दिवसाचं काम बुडवतो. लपवणारा शेवटी स्ट्रेचरवर जातो, चार उचलणारे अडकतात, आणि जे हेलिकॉप्टर वाचवायचं होतं तेच मागवावं लागतं, बहुधा रात्री, वाईट हवेत.

शिवाय आपण रोज पहाटे स्टँड-टू करतो. शेकडो पहाटे हल्ला येत नाही. म्हणून कोणी म्हणतं का, की स्टँड-टू वाया गेला? पोटासाठी निघालेली गाडी ‘काही नव्हतं’ म्हणून परत आली तर तिला वाया गेलेली फेरी का म्हणायचं? ती गस्त होती.

प्रत्येक पोटदुखी आणीबाणी नाही. बाहेरचं खाल्लं, जुलाब झाले, मुरडा येतो आणि शौचाला गेल्यावर उतरतो, माणूस पाणी पितो आहे, बोलतो आहे, तर ओआरएस द्या आणि दोन दोन तासांनी बघा. पण निर्णय चारित्र्यावरून घेऊ नका, खुणांवरून घ्या. माझ्या युनिटमध्ये आरएमओच्या सहीने प्रत्येक सेक्शन कमांडरच्या खिशात एक कागद आहे, तो इथे मराठीत देतो.

लगेच निघा, जर:

दुखणं अचानक, एका क्षणात जोरात सुरू झालं असेल.
पोट फळीसारखं कडक असेल, किंवा खोकल्याने, हादऱ्याने कळ येत असेल.
चक्कर, थंड घाम, फिकट चेहरा, धावती नाडी असेल.
उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही असेल, शौचाला डांबरासारखं काळं किंवा रक्त असेल.
पोट फुगलं असेल, उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल.
दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल. मुतखडा आणि ताप एकत्र असेल तरीही.
दुखणं छातीकडे, जबड्याकडे, खांद्याकडे किंवा आरपार पाठीकडे जात असेल.
गर्भार बाई असेल किंवा पाळी चुकलेली असेल.
पोटाला मार लागला असेल, जरी काल लागला असेल.
दोन आठवड्यांचा टायफॉइडसारखा ताप असताना एकदम पोट दुखायला लागलं असेल.

यातलं काहीच नसेल पण दुखणं जोराचं असेल, वाढत असेल, जागा बदलत असेल किंवा झोपेतून उठवत असेल, तर सहा तासांच्या आत डॉक्टरचा हात पोटावर पडला पाहिजे. मधल्या वेळात खायला देऊ नका, एरंडेल किंवा जुलाबाचं औषध तर अजिबात नको, कारण सुजलेलं अपेंडिक्स त्याने फुटू शकतं. पोट चोळू नका. दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठून कुठे गेलं, कोणती गोळी किती वाजता दिली, हे लिहून बरोबर पाठवा. अर्ध्या कागदावरच्या या चार ओळी सर्जनला लाख मोलाच्या असतात.

कमांडरांसाठी एवढंच. पहाटे तीनला एखादा जवान ‘साहेब, पोट दुखतंय’ म्हणायला उठतो, तेव्हा तो तुमच्यावर विश्वास टाकत असतो. पहिला प्रश्न ‘उद्या काय ड्युटी आहे?’ असा विचारला, तर पुढच्या वेळी तो उठणार नाही, आणि त्याचं बघून बॅरकमधला दुसराही उठणार नाही. पहिला प्रश्न विचारा, ‘कधीपासून?’ दुसरा, ‘कुठे?’ मग ड्रायव्हरला उठवा.